भेटण्याची वेळ चार ते पाच

लातूर जिल्हा नवा झाला आणि मला नोकरी लागली. या दोन गोष्टींचा संबंध होता, पण मी तो उलटा लावून घेतला होता. जिल्हा झाला म्हणून दवाखान्यात जागा निघाल्या, हे खरं. मला मात्र मनातून वाटायचं, की मी शिकून तयार झाले म्हटल्यावर आता जिल्हा करून टाकायला हरकत नाही, असं वरच्या लोकांनी ठरवलं असावं.

माझ्या पदाचं नाव होतं समाजसेवा अधीक्षक. नाव भारदस्त आणि टेबल जिन्याखाली. उभी राहिले की डोकं पायरीला लागायचं, म्हणून आल्यागेल्याला मी बसूनच नमस्कार करायचे आणि लोकांना वाटायचं, बाईला गर्व फार. तो होताच, पण त्याचा दोष जिन्याला देता येणार नाही. तेव्हा लातुरात सगळंच असं चाललं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग ओला, आणि म्हातारी माणसं अजून ‘जिल्ह्याला जाऊन येतो’ म्हणत उस्मानाबादची गाडी धरायची. अधीक्षक बाई नेमकं काय करते हे दवाखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. एक्स-रेची खोली कुठं आहे ते सांगायला मला बसवलंय, असा बहुतेकांचा समज होता. मी ती खोली दाखवायचे आणि मनातल्या मनात स्वतःला सांगायचे, की तू पदव्युत्तर शिकलेली आहेस.

माझं खरं काम घरच्यांना आधार देण्याचं होतं. डोक्याला मार लागून माणूस वाचतो, पण घरी जातो तो पहिला माणूस नसतो. शांत होता तो तापट होतो, बोलका होता तो भिंतीकडं बघत बसतो. अशांचे घरचे लोक माझ्या टेबलापाशी आणले जायचे. मुरुडची एक बाई आठवते. तिचा नवरा बैलगाडीवरून पडला होता आणि तेव्हापासून मिनिटामिनिटाला भडकत होता. मी तिला स्वीकार म्हणजे काय ते समजावलं, संयमाचे प्रकार सांगितले, आणि शेवटी म्हटलं, आता तुम्ही मन मोकळं करा. ती उठली आणि म्हणाली, मुरुडची गाडी सुटते. बाई किती दबलेली आहे, बोलूसुद्धा शकत नाही, असं मी त्या दिवशी लिहून ठेवलं.

आणि मग आमच्याच घरी ते झालं.

आमचं गाव लोह्याच्या बाजूला, नांदेड जिल्ह्यात. आई-वडील लवकर गेले. माझ्याहून बराच मोठा असलेल्या दादानं मला वाढवलं आणि शिकवलं. तो गावच्या शाळेत गुरुजी होता. त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही, ‘शहाणे’ म्हणायचा. ‘ये शहाणे, भाकरी खा,’ ‘कुठं निघालीस, शहाणे?’ मला नोकरी लागल्यावर त्यानं गावभर सांगितलं, की माझी बहीण दवाखान्याची अधीक्षक झाली. त्यामुळं गावातल्या निम्म्या लोकांना मी डॉक्टरांची साहेब वाटायचे, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करायला कधी गेले नाही.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. गावात टँकर यायचा आणि आडात रिकामा व्हायचा. मग लोकांची झुंबड उडायची, म्हणून दादा शाळेसारखी रांग लावायचा. एकदा टँकरचा पाईप अडकला, तो सोडवायला दादा वर चढला, पाय सटकला, आणि आडाच्या दगडी काठावर डोकं आपटलं. त्याला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तो बरेच दिवस शुद्धीवर नव्हता. वहिनी त्याच्या खाटेजवळून हलली नाही. मी लातूरहून गेले आणि तिला संयमाचे प्रकार सांगितले.

दादा वाचला. घरी आला, चालायला लागला, जेवायला लागला. पाढे विचारले तर तीसपर्यंत न चुकता म्हणायचा. पण माणसांची ओळख गेली. चेहरा दिसायचा, नाव यायचं नाही. कधी नाव यायचं, ते भलत्याच चेहऱ्याला चिकटायचं. शिवाय बसल्या जागेवरून उठून तो चालू लागायचा, कधी शाळेकडं, कधी लोह्याच्या फाट्याकडं, आणि मग परतीची वाट त्याला सापडायची नाही. झोपेचंही सगळं उलटंपालटं झालं होतं. त्याच्याजवळ सतत कुणीतरी लागायचं, आणि घरात वहिनीशिवाय कुणी नव्हतं. मुलं तिनं आजोळी ठेवली होती. मी शनिवारी दुपारच्या एसटीनं अहमदपूरवरून यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे.

मला तो ‘बाई’ म्हणू लागला. शाळा तपासायला आलेल्या बाईंना म्हणायचा, तसा. ‘बसा बाई.’ मी वहिनीला सांगितलं, नावात काय असतं, प्रेम आत शाबूत असतं, आपण अपेक्षा ठेवायची नाही. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. खरं सांगायचं तर मला ‘शहाणे’ ऐकायचं होतं. दर शनिवारी एसटीत बसल्यापासून मी तेवढ्या एका शब्दाची वाट बघायचे, आणि दाराशी आल्यावर ‘या बाई’ ऐकलं की पिशवी ठेवायच्या निमित्तानं आत निघून जायचे. हे मी कुणाला बोलले नाही. माझ्या शिकवणीत ते बसत नव्हतं.

घरी माणसांची रीघ लागली होती. आमचं घर विहाराच्या मागं, वस्तीच्या टोकाला. गावातल्या कितीतरी घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आमच्या उंबऱ्याला आली नव्हती. पण दादानं सगळ्या गावाची पोरं शिकवली होती, त्यामुळं तीही आली. कुणी केळी आणायचं, कुणी बिस्किटाचा पुडा, आणि एका बाईनं तर पाण्यानं भरलेली कळशी आणली. दुष्काळात याच्याहून मोठा आहेर नाही. येणारा प्रत्येक जण दादासमोर बसायचा, तोंड पुढं करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, ‘गुर्जी, वळखलं का?’

माझ्या अंगावर काटा यायचा. ज्याची ओळखच गेली त्याला सकाळसंध्याकाळ ओळख विचारायची, म्हणजे परीक्षाच की. त्यात आमच्या नात्यातल्या एका पाहुण्यानं कहर केला. मी कोण सांग, माझ्या बापाचं नाव सांग, माझी सासुरवाडी सांग, असं तो विचारतच राहिला. दादाला घाम फुटला आणि त्यानं हातातला पेला भिंतीवर फेकला. पाहुणा म्हणाला, डोक्यावर परिणाम झालाय. मी त्या क्षणी ठरवलं, की आता हे शास्त्रशुद्ध झालं पाहिजे.

मी पुठ्ठ्याएवढा जाड कागद घेतला आणि लाल स्केचपेननं, माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं: ‘भेटण्याची वेळ चार ते पाच. एका वेळी दोघांनीच यावे. रुग्णास प्रश्न विचारू नयेत.’ खाली सही केली. सहीखाली पद लिहिलं. कणकेची खळ करून कागद दारावर असा चिकटवला, की वाऱ्यावावटळीनं हलू नये. वहिनी चुलीपुढून बघत होती. तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘ताई, गावात घड्याळं कुणाच्या घरी हायती?’ मी म्हटलं, लोकांना शिस्त हळूहळूच लागत असते.

शिस्त फार लवकर लागली. पुढच्या शनिवारी मी आले तर दारात एक चप्पल नाही. घर इतकं शांत, की मला स्वतःचं कौतुक वाटलं. दादा माजघरात भिंतीकडं तोंड करून बसला होता. ‘या बाई’सुद्धा म्हणाला नाही. मी वहिनीला म्हटलं, बघा, किती निवांत वाटतंय. ती म्हणाली, हाव, निवांत हाय. तिचे डोळे खोल गेले होते. तिला धीराची गरज आहे हे माझ्या अनुभवी नजरेनं ओळखलं, आणि मी तिला समोर बसवून बोलायला लागले. आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यानं आधी स्वतःची काळजी घेतली पाहिजे, असा त्या दिवशीचा विषय होता. पहिला मुद्दा संपून मी दुसऱ्यावर येते तोच वहिनीची मान कलली. मांडीवर सूप, सुपात निवडायची ज्वारी, आणि बाई भिंतीला टेकून गाढ झोपली.

मला अपमान वाटला. तसं हे पहिल्यांदा होत नव्हतं. मी आले आणि समजावायला बसले की वहिनीला झोप लागायचीच. लातूरला निदान लोक एसटीचं कारण तरी सांगायचे.

घसा कोरडा पडला म्हणून पाणी प्यायला उठले, तर रांजणाच्या तळाला पेलाभर गढूळ पाणी आणि घागरी पालथ्या. तेवढ्यात आडाकडून टँकरचा हॉर्न वाजला. वहिनीला हलवून उठवावंसं वाटेना. दादाला झोपलेल्या माणसाच्या भरवशावर टाकून जाता येईना. आणि टँकर काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. पाण्यासाठी घरातून बाहेर पडायचं तर दादाजवळ कोण बसणार, हा प्रश्न मला माझ्या संपूर्ण शिक्षणात कुणी शिकवला नव्हता. शेवटी मी एका हातात घागर घेतली आणि दुसऱ्या हातानं दादाचा हात धरला. त्यानं आपण होऊन कळशी उचलली.

जिथं तो पडला होता त्याच आडाकडं मी त्याला घेऊन निघाले होते, हे अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं. मी त्याचा हात आणखी घट्ट धरला. दादा मात्र घाईनं चालत होता.

आम्हाला बघून रांगेतलं बोलणं बंद झालं. दादाची अवस्था बघून लोकांना वाईट वाटलं असणार, असं मी धरून चालले. मग एक गडी आभाळाकडं बघत, शांतपणे म्हणाला, ‘बाई, चार वाजले का? गुर्जीला भेटावं का आत्ता?’

कुणी हसलं नाही. माझे कान तापले. एवढ्यात रांगेतून एक म्हातारी पुढं आली. तोंडात दात नाही, आमच्या आईच्या वयाची. तिनं दादाच्या अगदी जवळ येऊन मान वर केली आणि विचारलं, ‘गुर्जी, वळखलं का?’

तिला थांबवायला मी तोंड उघडलं होतं. त्याच्या आत दादा बोलला.

‘वळखलं की. लई मोठी झालीस.’

रांग खळखळून हसली. म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. आणि दादा हसला. तो पडल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मग एकेक जण पुढं यायला लागला. ‘गुर्जी, मला वळखलं का?’ ‘वळखलं की. लई मोठा झालास.’ ‘अन् मला?’ ‘तुला तर वळखलंच की.’

आणि मला आठवलं, हे तर तो पहिल्यापासून करत आलेला होता. लोह्याच्या बाजारात कुणीतरी मिशीवाला गडी त्याच्या पाया पडायचा, ‘वळखलं का’ विचारायचा, आणि दादा त्याच्या पाठीवर हात ठेवून हेच उत्तर द्यायचा. पुढं गेल्यावर मला हळूच विचारायचा, ‘कोण होतं गं, शहाणे?’ मी त्याला खोटारडा म्हणायचे. तो म्हणायचा, मास्तरनं न्हाई म्हणू नये, पोराचं तोंड पडतं. हजारभर पोरं हाताखालून गेलेल्या माणसाला नावं पहिल्यापासूनच येत नव्हती, आणि त्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. गावात एकच प्रश्न असा होता, ज्याचं उत्तर दादाला डोकं फुटल्यावरही पाठ होतं. नेमका त्याच प्रश्नावर मी लाल स्केचपेननं बंदी घातली होती.

घागर भरली, पण ती मला उचलता येईना. लातुरात नळ होता, तो पाच-सहा दिवसांआड का होईना, पण घरात यायचा. शेवटी शेजारच्या मावशीनं आमची घागर आपल्या डोक्यावर घेतली, आणि वाटेनं माझी शाळा घेतली.

‘आमी काय गुर्जीची परीक्षा घ्यायला येत हुतो व्हय?’ ती म्हणाली. ‘आमी बसलो की तुझी वहिनी पाण्याला जायची. न्हायाची. घटकाभर आडवी व्हायची. तू कागद लावलास, आता ती कवा झोपती?’

मी म्हटलं, मला हे कुणी सांगितलं का नाही?

‘तू बोलून ऱ्हायलीस की मधी जागा कुठं असती?’

कागद सगळ्यांनी वाचला होता, असं तिच्याकडूनच कळलं. दादानंच त्यांना वाचायला शिकवलं होतं.

घरी आलो तर वहिनी तशीच झोपलेली, सुपात ज्वारी तशीच. मी सगळ्यात आधी कागद काढायला गेले. माझं चिकटवण्याचं काम पक्कं होतं. नखांनी, विळीनं, पाण्याचा हात लावून कागद ओरबाडला, तरी खालच्या ओळीतला ‘नयेत’ हा शब्द काही निघेना. तो पुढं कितीतरी दिवस आमच्या दारावर होता.

पण कागद फाडला म्हणून दुखावलेली माणसं परत येत नाहीत. आमच्याकडं त्यासाठी त्यांच्या घरी जाऊन बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, आणि ती जे बोलतील ते खाली मान घालून ऐकावं लागतं. रविवारी सकाळपासून मी घरोघर हिंडले. दूध नव्हतंच, सगळीकडं गुळाचा कोरा चहा. जिथं आमच्या माणसांनी कधी आत पाय ठेवला नव्हता, अशा दोन घरांतही मला आत बोलवून बसवलं, आणि तिथंही कपभर चहा आणि पोटभर बोलणी मिळाली. तुमच्या घराला कुलूप लावा, म्हणजे चार वाजता उघडायला बरं, असं एक आजोबा म्हणाले. मी हाव म्हटलं. संध्याकाळच्या एसटीत माझ्या छातीत अशी जळजळ झाली, की अहमदपूरच्या थांब्यावर उतरून सोडा प्यावा लागला.

माणसं परत आली. आधी मावशी, मग ती दात नसलेली म्हातारी, मग बाकीचे. शेवटी ते आजोबाही आले, आणि ते आयुष्यभर दुपारी चारच्या सुमारालाच येत राहिले. दादा ओट्यावर बसू लागला. सगळ्यांना तो ओळखायचा आणि सगळेच मोठे झालेले असायचे. तो उठून चालायला लागला तर कुणीतरी त्याच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत जायचं आणि गप्पा मारत परत आणायचं. वहिनीच्या घागरी भरू लागल्या.

लातुरात जिन्याखालचं माझं काम मात्र अवघड होऊन बसलं. समोर कुणी आलं की ओठांवर आलेला स्वीकार मी गिळायचे आणि विचारायचे, तुम्ही पाण्याला जाता तेव्हा यांच्याजवळ कोण बसतं? तुम्ही कधी झोपता? शेजारी कोण आहे, त्यांच्याशी बोलणं आहे का? अहमदपूरकडून आलेली एक सासू-सुनेची जोडी या प्रश्नांवर इतका वेळ बोलली, की माझी जेवणाची सुट्टी गेली. मुरुडची ती बाई पुन्हा आली, तेव्हा जाताना म्हणाली, बाई, आज तुम्ही कमी बोललात, बरं वाटलं, तब्येत ठीक नाही का? साहेबांनी विचारलं, की आठवड्याच्या अहवालात तुमचं समुपदेशन कमी का दिसतं. मी सांगितलं, लोकांनाच बोलायचं असतं, माझा नंबर लागत नाही.

एवढं सगळं झालं, तरी माझ्यातली ती एक गोष्ट काही सुटली नव्हती. वहिनीला मी शिकवलं होतं की प्रेम आत शाबूत असतं, आणि स्वतः दर शनिवारी एका शब्दासाठी एसटी धरत होते.

त्यातल्याच एका शनिवारी घरी दुसरं कुणी नव्हतं. वहिनी नेहमीप्रमाणं माझ्यासमोर बसली, मी तोंडही उघडलं नव्हतं, तरी तिचे डोळे मिटले. दादा खांबाला टेकून बाहेरचं ऊन बघत होता. मी त्याच्यासमोर जाऊन बसले, तोंड पुढं केलं, आणि जो प्रश्न विचारायचा नाही असं मी पदासकट सही करून लिहिलं होतं, तोच विचारला.

‘दादा, मला वळखलं का?’

उत्तर काय येणार ते मला माहीत होतं. लई मोठी झालीस, असं तो म्हणेल. ते खरं मानायचं, असंही मी ठरवून टाकलं होतं. सगळं गाव मानतं, मग मीच काय मोठी लागून गेले?

दादानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. तो मनापासून शोधत होता, ते दिसत होतं.

‘न्हाई,’ तो म्हणाला.

मग त्यानं भिंतीला टेकून झोपलेल्या वहिनीकडं हात केला.

‘पर तू आलीस की ही झोपती. तू येत जा.’

उभ्या गावाला त्यानं हो म्हटलं होतं. ज्यांची तोंडं पडू नयेत असं त्याला वाटायचं त्या सगळ्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही. खरं उत्तर फक्त मला दिलं, आणि देताना ‘बाई’ म्हणाला नाही. मला हुंदका आवरेना. तोंडात पदराचा बोळा कोंबून मी तिथंच बसून रडले. मोठ्यानं रडण्याची सोय नव्हती, वहिनी झोपली होती.